गढूळ पाण्याचे दोन हंगाम
मराठवाड्यातील नदी-मासेमारीच्या वादाचा आढावा

वारंगा फाटा ही रस्त्यांनी घडवलेली वस्ती. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरीमार्गे नांदेडला जाणारा आणि नागपूरहून तुळजापूरला जाणारा असे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे एकत्र येतात. थांबणारे बहुतेक जण खिचडी खाऊन पुढच्या वाटेला लागतात. पण या फाट्याच्या एका अंगाला कयाधू आणि ती जिला मिळते ती पैनगंगा आहे, तर दुसऱ्या अंगाला आसना आणि गोदावरी. भाद्रपद-आश्विनात या सगळ्या नद्या एकाच वेळी भरून, चहाच्या रंगाच्या होऊन वाहतात. त्या पाण्यात मासे धरावेत की नाही, धरायचे तर कसे, आणि धरण्याचा हक्क कोणाचा, हा वाद दर पावसाळ्यात नव्याने निघतो आणि पाणी ओसरले की विरतो. तो आज कुठे येऊन थांबला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

पहिला प्रश्न कसबाचा: नजरेला काही दिसत नसलेल्या, ओढ असलेल्या पाण्यात मासा सापडतो कुठे? दुसरा प्रश्न नीतीचा आणि कायद्याचा: अशा पाण्यात तो धरणे योग्य आहे का? चर्चेत हे दोन्ही प्रश्न सर्रास एकमेकांत मिसळतात.

उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत स्मॉलमाउथ बास हा मासा गळाने धरणाऱ्या हौशी मंडळींत शरद ऋतूतल्या चढलेल्या, गढूळ पाण्याची अशीच चर्चा असते. तिथे मात्र ती जवळपास पूर्णपणे कसबाची राहते: कोणत्या रंगाचे आमिष, किती थरथरणारे, काठापासून किती अंतरावर. बास वसंतात अंडी घालतो आणि नर घरट्याची राखण करतो, त्यामुळे शरदातल्या पुराचा त्याच्या विणीशी संबंध येत नाही. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ यांची वीणच मुळी पुराच्या पाण्यात होते. म्हणून गढूळ पाण्यात टाकलेल्या जाळ्याबरोबर विणीचा प्रश्नही येतो.

नद्या, माती आणि धरणे

कयाधू हिंगोली जिल्ह्यातून, संत नामदेवांच्या नर्सीजवळून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होऊन शेवटी सिरोंच्याजवळ गोदावरीला. म्हणजे कळमनुरीच्या शिवारातला ओहोळ आणि दक्षिणेतली सर्वांत मोठी नदी एकाच जलमार्गाची दोन टोके आहेत. अडथळे नसते तर माशाला ही वाट खुली होती.

इथला गढूळपणा सह्याद्रीच्या ओढ्यांसारखा नसतो. डोंगरातला खडकाळ ओढा पाऊस थांबल्यावर लवकर निवळतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. पूर उतरला तरी पाणी तांबूस-काळपट राहते. त्यात सोयाबीन-कापसाच्या रानांतून आलेले कीटकनाशकांचे आणि खतांचे अंशही असतात.

दुसरा बदल धरणांनी केला. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, गोदावरीवर नांदेडजवळ विष्णुपुरी. धरणाच्या साठ्यात गाळ बराचसा बसतो, त्यामुळे दरवाजे उघडल्यावर खाली येणारे पाणी पुष्कळ असले तरी तुलनेने निवळ असते. कयाधूवर इसापूरएवढे मोठे धरण नाही. तिचा पूर थेट रानातून येतो, माती घेऊन येतो आणि तसाच लवकर उतरतो. म्हणून ‘चढलेले पाणी’ आणि ‘गढूळ पाणी’ या दोन गोष्टी या भागात नेहमी बरोबर येतातच असे नाही. वादात हा फरक क्वचितच धरला जातो.

गढुळात मासा काय करतो

नजरेने शिकार करणाऱ्या माशाला गढूळ पाणी जड जाते. पण आपल्या नद्यांतले पुष्कळ मासे नजरेवर अवलंबून नाहीत. शिवडा, शिंगाडा, वाम हे रात्री किंवा अंधुक पाण्यात हिंडणारे. शिवड्या-शिंगाड्यांच्या मिशा स्पर्श आणि चव दोन्ही ओळखतात. सर्वच माशांच्या अंगावरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली हालचाल टिपते. त्यामुळे पुरात वाहून आलेले गांडूळ किंवा किडा माशाला दिसण्याआधी जाणवतो.

ओढीच्या पाण्यात मासा मुख्य धारेत टिकून राहण्यात ताकद घालवत नाही. तो काठाला सरकतो, वाकणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबामागे, बाभळीच्या बुडालेल्या झुडपात, ओढा नदीला मिळतो त्या तोंडाशी. पूर रानात शिरला तर तोही शिरतो, कारण तिथे खाणे भरपूर असते. मात्र पहिल्या पुराबरोबर येणारा पालापाचोळा कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि दाट गाळ कल्ल्यांत बसतो. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. असे धडपडणारे मासे हाताने किंवा टोपलीने गोळा करणे यालाही पुष्कळ जण ‘पुराची मासेमारी’ म्हणतात. ती खरे तर मासेमारी नसून माशाच्या अडचणीचा फायदा आहे, असे जाणत्या कोळ्या-भोयांचेही मत असते.

विणीचे गणित वेगळे. रोहू-कटल्यांच्या माद्या पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. एक किलो वजनाच्या रोहू मादीकडून साधारण दोन लाख किंवा त्याहून अधिक अंडी मिळतात. ती चिकट नसतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि पंधरा-वीस तासांत फुटतात. मरळीचे नर-मादी पिलांची राखण करतात. त्यांच्या लाल-नारिंगी पिलांचा थवा पृष्ठभागावर फिरताना दिसला की खाली आई-बाप आहेत हे गळ टाकणाऱ्याला नेमके कळते. हे ज्ञान मरळ धरण्याच्या कामी येते आणि तिच्या पिलांचा अख्खा थवा संपवण्याच्याही.

धरणाऱ्यांचे कसब आणि त्यातले मतभेद

या पट्ट्यातली नदी-मासेमारी मुख्यतः भोई समाजाची. साधने मोजकीच: पागजाळे, तंगुसाचे (नायलॉनच्या बारीक धाग्याचे) अडकजाळे, गळ, एका दोरीला अनेक गळ बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची पद्धत, आणि बांबूचे सापळे.

पागजाळे टाकणारा दोरीचा फास मनगटात अडकवतो, जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतो, घेराची एक कडा अनेकदा दातांत धरतो, आणि कंबरेतून वळून ते असे भिरकावतो की शिशाच्या गोळ्यांचा घेर पाण्यावर गोल पडतो. जाळे तळाला टेकेपर्यंत थांबायचे, मग सावकाश ओढायचे. गढूळ पाण्यात माशाला जाळे दिसत नाही, हा फायदा. टाकणाऱ्याला बुडालेले खोड किंवा काटेरी तार दिसत नाही, हा तोटा. एका चुकीच्या फेकीत जाळे फाटले की पुढचे काही दिवस विणण्यातच जातात. अडकजाळे भर पुरात जवळपास निकामी: पाने, काड्या आणि जलपर्णी येऊन ते पाण्यावर आडवे पडते. म्हणून चढत्या पाण्यात अनुभवी माणूस अडकजाळे काढून घेतो आणि संथ झालेल्या पाण्यात पुन्हा लावतो.

सापळ्याची दिशा हा या कसबातला सर्वांत अर्थपूर्ण तपशील. ओढ्याच्या तोंडाशी सापळ्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवले तर वर चढणारा, बहुधा अंड्यांनी भरलेला मासा सापडतो. तेच तोंड वरच्या बाजूला फिरवले तर पूर ओसरताना रानातून परतणारा मासा आणि त्याची पिले सापडतात. एकाच बांबूच्या वस्तूने दोन अगदी वेगळ्या मासेमाऱ्या होतात, आणि नुकसानही वेगवेगळे.

चढते पाणी चांगले की उतरते, यावर मासेमारांत एकमत नाही. चढत्या पाण्याचे समर्थक म्हणतात की पाणी वाढायला लागल्याच्या पहिल्या काही तासांत मासा काठाला येऊन अधाशासारखा खातो. उतरत्या पाण्याचा पक्ष धरणाऱ्यांचा अनुभव असा की पाणी एक-दोन हात खाली गेले, काठावर ओल्या मातीची रेघ उमटली, की मासा पुन्हा ठरावीक जागी स्थिरावतो आणि गळ वाया जात नाही. हौशी गळकऱ्यांत, म्हणजे मुंबईजवळच्या पवई तलावापासून लोणावळ्यापर्यंत ज्यांची परंपरा आहे त्यांच्यात, आमिषाचा वाद असतो: गांडूळ-कणकेचा वास जास्त कामाचा की फिरत्या पत्र्याची थरथर. माशाचा प्रकार बदलला की या वादाचे उत्तरही बदलते. मिशावाल्याला वास आणि चव पुरते. मरळीसारख्या शिकाऱ्याला हालचाल लागते, आणि फार गढूळ पाण्यात तीही तिला उशिराच कळते.

बंदीचा इतिहास

दख्खनच्या माशांची पद्धतशीर नोंद पहिल्यांदा कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये केली. त्यांनी अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना स्थानिक मराठी नावेच लॅटिनात घेतली. महाशीरची दख्खनी जात ‘खुद्री’ याच वाटेने जगभर गेली. पण मासे किती आणि ते टिकतील का, हा प्रश्न पुढे आला तो फ्रान्सिस डे यांच्या १८७३ च्या अहवालाने. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील या अहवालात विणीला चढणारे मासे आणि नुकती फुटलेली पिले यांच्या नासाडीवर बोट ठेवले होते. उलट बाजूने, निर्बंध घातले तर गरिबाच्या ताटातला मासा जाईल, हा युक्तिवादही तेव्हापासूनचा.

त्यातून १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे गुन्हा ठरवले, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याच्या आसाचे (छिद्रांचे) माप, कायमचे सापळे आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी, याबाबत नियम करण्याचा अधिकार प्रांतांकडे सोपवला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे आपोआप लागू नव्हता. राज्यस्थापनेनंतर ‘महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६०’ आला.

आज तुलना करायची तर दोन नमुने समोर आहेत. महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या-जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट हा विणीचा बंदीकाळ मानला जातो. मराठवाड्यातल्या वाहत्या नदीवर मात्र समुद्रासारखी, गावोगाव सर्वांना ठाऊक असलेली बंदी रुजलेली नाही. जलाशय ठेक्याने सहकारी संस्थांकडे जातात, त्यांना अटी असतात. कयाधूच्या काठावर पुरात टोपली घेऊन उतरणाऱ्याला त्या अटींची गंधवार्ता नसते.

चार भूमिका

पहिली भूमिका बंदीची. अभ्यासक आणि निसर्गप्रेमी मंडळींचे म्हणणे असे की एक अंडीवाली मादी धरणे म्हणजे लाखो संभाव्य पिले धरणे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांखाली चढणीचा मासा अडून गर्दी करतो आणि तिथे जाळे, काठ्या, टोपल्या घेऊन माणसेही गर्दी करतात. विणीचे दोन महिने हे थांबवले तर नदी स्वतःच भरून येईल. या मताची ताकद जीवशास्त्रात आहे. त्याची कमजोरी अंमलबजावणीत: शेकडो ओढ्यांवर पहारा ठेवणार कोण?

दुसरी भूमिका नदीवर पोट असणाऱ्यांची. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हाच नदी-मासेमारीचा कमाईचा काळ. मार्गशीर्षानंतर कयाधूत डोह तेवढे उरतात. समुद्रातल्या बंदीला किमान बंदर, बोट आणि नोंदणी आहे. नदीकाठच्या भोयाला बंदीकाळात काय मिळणार? शिवाय त्यांचा सवाल असा की मासे कमी झाले ते पागजाळ्याने नव्हे. वाळू उपशाने डोह मोडले, बंधाऱ्यांनी वाट अडली, बॅटरीचा करंट लावून आणि मच्छरदाणीच्या कापडाने पिले उपसली गेली. यातल्या पुष्कळ गोष्टी आधीच बेकायदा आहेत. त्या रोखायच्या सोडून नवी बंदी कशाला?

तिसरी भूमिका मत्स्यबीजाची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून प्रमुख कार्प माशांची कृत्रिम वीण यशस्वी केली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून बियाण्यासाठी नदीच्या पुरावर अवलंबून राहायचे कारण उरले नाही, असे हा पक्ष मानतो. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नद्यांमध्ये बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, सोडण्याचा कार्यक्रमही आहे. आक्षेप दोन. हॅचरीतल्या माशांत जवळच्या नात्यातली वीण आणि संकर होतात, ते नदीतल्या मूळ वाणात मिसळतात. आणि सोडले जातात ते रोहू-कटला. वाम, शिवडा, छोट्या खवलीच्या जाती यांच्यासाठी असे बीज फारसे तयार होत नाही. लोणावळ्याजवळ टाटांच्या तलावांवर गेली पन्नासेक वर्षे चाललेले महाशीर पैदाशीचे काम याला अपवाद आहे. रोहू-कटल्यांखेरीज दुसऱ्या जातीसाठीही हे करता येते आणि त्याला चिकाटीचा धनी लागतो, हे दोन्ही त्यातून दिसते.

चौथी भूमिका हौशी गळकऱ्यांची: धरा, पाहा, सोडा. तोंडाला लागलेला गळ काळजीने काढून मासा परत सोडला तर तो जगू शकतो, हे खरे. पण गाळाने कल्ले आधीच दमलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात सोडलेल्या माशाची शक्यता स्वच्छ, थंड पाण्याएवढी राहत नाही. आणि जेवणासाठी मासा धरणाऱ्या घरात ‘सोडा’ हा सल्ला परका वाटतो.

जे अजून सुटलेले नाही

पहिली अडचण मोजणीची. जलाशयातून निघणाऱ्या माशांचा हिशोब संस्थांकडे असतो. नदीतून पुरात निघणारा मासा काठावर विकला जातो, वाटला जातो, घरी शिजतो, पण वहीत चढत नाही. त्यामुळे बंदीने किती फायदा होईल किंवा बंदी नसल्याने किती तोटा होतो, हे दोन्ही बाजूंना अंदाजानेच सांगावे लागते.

दुसरी, परक्या माशांची. चिलापी भारतात १९५२ साली आली. ती वर्षभर विणते, पुराची वाट पाहत नाही आणि गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरते. विणीच्या काळातली बंदी मूळ माशांइतकीच चिलापीलाही सांभाळेल का, हा रास्त प्रश्न आहे. आफ्रिकी मांगूर २००० पासून बंदी असूनही तळ्यांतून आणि पुराबरोबर नद्यांत पोचला, आणि त्याला तर धरून संपवणेच योग्य मानले जाते. गढूळ पाण्यात जाळ्यात काय येईल हे आधी दिसत नाही. त्यामुळे ‘हा धरा, तो सोडा’ असा नियम कागदावर सोपा आणि नदीत अवघड.

तिसरी, पाण्याच्या वाटणीची. कयाधूचे पाणी खरबी इथून इसापूर धरणाकडे वळवण्याच्या प्रस्तावाला हिंगोली जिल्ह्यात विरोध आहे. त्या वादात बोलले जाते ते शेती आणि पिण्याच्या पाण्याबद्दल. नदीतला पूरच कमी झाला तर विणीचे काय, हा मुद्दा अजून कोणी टेबलावर आणलेला नाही. बंधाऱ्यांची दारे केव्हा काढायची आणि केव्हा बसवायची, हेही सिंचनाच्या वेळापत्रकाने ठरते.

चौथी, जिवाच्या जोखमीची. १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत हिंगोली, नांदेड, परभणीतल्या नद्यांनी काठ सोडले. अशा वेळी धरणातून विसर्ग वाढला की पाणी काठाच्या मासेमाराला मागे वळायला फार वेळ देत नाही. सतर्कतेचा इशारा गावाला मिळतो, डोहावर एकट्या बसलेल्या माणसापर्यंत तो पोचतोच असे नाही. बंदीच्या बाजूने हा सर्वांत साधा युक्तिवाद आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो सर्वांत कमी मांडला जातो.

वाद कुठे आला आहे

चारही भूमिका शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. बंदीचे बहुतेक युक्तिवाद आषाढ-श्रावणातल्या चढत्या पाण्याबद्दल आहेत, जेव्हा अंडीवाला मासा वर जातो. मासेमारीच्या बाजूचे बहुतेक युक्तिवाद भाद्रपद-आश्विनातल्या उतरत्या पाण्याबद्दल आहेत, जेव्हा मोठा मासा परततो आणि कमाई होते. दोन्ही पाणी गढूळ असल्याने दोन्ही पक्षांना वाटते की ते एकाच गोष्टीवर भांडत आहेत. उतरत्या पाण्यातही धोका आहे, पण तो पिलांना आहे. त्यासाठी लागते ती सरसकट बंदी नव्हे, तर जाळ्याच्या आसाचे माप आणि मच्छरदाणीवर खरोखरची रोख.

मग कॅलेंडर कोणते वापरायचे, हा पुढचा प्रश्न. १५ जून किंवा १ जुलै अशा तारखा सोयीच्या असतात. पण मराठवाड्यात पहिला मोठा पूर कधी जूनमध्ये येतो, कधी ऑगस्ट उजाडतो. त्यामुळे पाण्याच्या चढ-उतारावर बेतलेला, म्हणजे पहिल्या मोठ्या पुरापासून ठरावीक दिवसांचा बंदीकाळ हा एक पर्याय, आणि फक्त बंधाऱ्यांखालचा ठरावीक टप्पा कायम राखीव ठेवणे हा दुसरा. पहिल्याला रोजची पाणीपातळी गावापर्यंत पोचवावी लागेल. दुसऱ्याला पहारा कमी लागेल, कारण जागा मोजक्या आणि सर्वांना माहीत असलेल्या आहेत. दोन्हींपैकी कशाचाही प्रयोग कयाधू-पैनगंगेवर करून पाहायचा तर सुरुवात नोंदीपासून करावी लागेल: कोणत्या तारखेला, चढत्या की उतरत्या पाण्यात, कोणता मासा, अंडीवाला की रिकामा. ही नोंद भोयांखेरीज दुसरे कोणी करू शकणार नाही. त्यांना त्या कामाचा मोबदला द्यायचा की नाही, इथूनच पुढच्या चर्चेला हात घालावा लागेल.